उष्णतेची लाट संगणकावर: मर्यादित वेगाच्या उष्णतावहनाचं पहिलं मॉडेल

नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट ठरायला लागले की उष्णतावहनाचा एखादा विषय हमखास निघतो. मेकॅनिकलची मुलं अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत लेझर कटिंग, हीट ट्रीटमेंट बघून आलेली असतात. त्यातल्या एखाद्याने कुठेतरी वाचलेलं असतं की उष्णतावहनाच्या नेहमीच्या, म्हणजे फूरियेच्या नियमात उष्णता अनंत वेगाने धावते आणि ते भौतिकशास्त्राला धरून नाही. मग मर्यादित वेगाचं समीकरण हाती घेतलं जातं, प्रोग्रॅम लिहिला जातो, पडद्यावर छान लाटा दिसतात आणि अहवाल बांधायला जातो. त्या लाटांतल्या किती समीकरणाच्या आणि किती आकडेमोडीने तयार केलेल्या, हा प्रश्न मात्र राहून जातो.

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. प्रोग्रॅम जेमतेम चाळीस ओळींचा. त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवावा का, हे ठरवायला खरी मेहनत लागते. दुसऱ्या वर्षाचं हीट ट्रान्सफर, थोडं फायनाइट डिफरन्स आणि पायथन किंवा ऑक्टेव्ह एवढं येत असेल तर खालचं सगळं घरच्या लॅपटॉपवर होतं.

समीकरण कुठून आलं

फूरियेने १८२२ मध्ये मांडलेला नियम सांगतो की उष्णतेचा प्रवाह तापमानाच्या उताराच्या प्रमाणात असतो, आणि उतार बदलला की त्याच क्षणी प्रवाहही बदलतो. हा 'त्याच क्षणी' खटकणारा आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेशी तो जोडला की डिफ्युजनचं, म्हणजे उष्णता पसरत जाण्याचं समीकरण मिळतं, आणि त्यात सळईचं एक टोक तापवलं की दुसऱ्या टोकाला तत्क्षणी काहीतरी, कितीही सूक्ष्म का असेना, पोहोचतंच.

हे 'सूक्ष्म' किती ते एकदा बघून घ्या. थर्मल डिफ्युझिव्हिटी (पदार्थात उष्णता किती झपाट्याने पसरते तो आकडा) आणि वेळ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ हे फूरियेच्या उष्णतेचं नैसर्गिक अंतर. त्याच्या दसपट लांब गेलात की तापमानातली वाढ टोकाच्या वाढीच्या एक लाख कोटीत दीड भाग इतकी उरते. कोणत्याही थर्मोकपलला ती दिसणार नाही. अनंत वेगाचा आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे, पण रोजच्या कामात त्याने काही बिघडत नाही.

उपाय सुचला तो असा: प्रवाहाला उताराशी जुळवून घ्यायला थोडा वेळ द्यायचा. वायूंच्या गतिज सिद्धांतात मॅक्सवेलच्या १८६७ च्या लेखनात अशी संज्ञा, म्हणजे समीकरणातलं पद, येते. कॅतानेओने १९४८ मध्ये आणि व्हेर्नोतने १९५८ मध्ये ती उष्णतावहनासाठी स्पष्ट मांडली:

टाऊ × (प्रवाहाचा वेळेनुसार बदल) + प्रवाह = − कंडक्टिव्हिटी × (तापमानाचा उतार)

टाऊ म्हणजे रिलॅक्सेशन टाइम. तो शून्य केला की फूरिये परत मिळतो. शून्य नसेल तर समीकरण हायपरबोलिक, म्हणजे लाटेच्या प्रकारचं होतं आणि उष्णतेला एक ठरलेला वेग मिळतो. थर्मल डिफ्युझिव्हिटीला टाऊने भागा आणि वर्गमूळ काढा, तो हा वेग.

तुमच्या कामाला याची गरज आहे का

ही पायरी मुलं गाळतात, आणि प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत नेमका इथेच प्रश्न येतो. म्हणून आधी हातानेच हिशेब करा.

साध्या स्टीलची थर्मल डिफ्युझिव्हिटी सुमारे १३ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद धरू. नेहमीच्या तापमानाला धातूंचा टाऊ पिकोसेकंदाच्या घरात किंवा त्याहून कमी मानला जातो. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. १ पिकोसेकंद धरला तर उष्णतेचा वेग येतो सेकंदाला सुमारे ३६०० मीटर, आणि त्या एका टाऊमध्ये लाट जाते सुमारे ३.६ नॅनोमीटर. आता अंबडच्या शेडमधलं लेझर कटिंग मशीन घ्या. तिथला पल्स मिलिसेकंदाचा धरला, तर तेवढ्या वेळात उष्णता स्टीलमध्ये शिरते सुमारे ०.११ मिलिमीटर. एका बाजूला मिलिसेकंद, दुसऱ्या बाजूला पिकोसेकंद, मध्ये शंभर कोटी पटींचं अंतर. पत्रा कापण्याच्या मॉडेलला फूरियेच पुरतो, आणि तिथे कॅतानेओ वापरून मिळणारा फरक तुमच्या जाळीच्या चुकीपेक्षा कितीतरी लहान असतो.

दुसरी गफलत 'थर्मल वेव्ह' या शब्दांमुळे होते. निफाडच्या द्राक्षबागेत दिवसा तापलेली माती रात्री थंड होते आणि हा चढउतार लाटेसारखा खाली झिरपतो. मातीची डिफ्युझिव्हिटी ०.५ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद धरली, तर रोजचा चढउतार सुमारे १२ सेंटीमीटर खोलीवर ३७ टक्क्यांवर येतो आणि त्याचा माथा तासाला सुमारे ३ सेंटीमीटर खाली सरकतो. ही लाट फूरियेच्या समीकरणातूनच निघते. तिला पुढची कड नसते आणि तिचा वेग वारंवारतेवर अवलंबून असतो: वर्षाच्या ऋतुचक्राचा माथा त्याच मातीत खूप सावकाश उतरतो. आपण ज्या लाटेबद्दल बोलतोय तिचा वेग पदार्थ ठरवतो, आणि तिच्या कडेपुढे काहीही पोहोचलेलं नसतं.

नाशिकमध्ये फळप्रक्रिया आणि शीतगृहांची कामं भरपूर, त्यामुळे एक तिसरा मोह इथे जास्त होतो. १९९० च्या दशकात वाळू, मांस अशा पदार्थांत टाऊ दहा सेकंदांहूनही जास्त मोजल्याचे दावे प्रसिद्ध झाले. ते वाचून द्राक्ष किंवा बेदाण्याच्या गारव्याचं लाटेचं मॉडेल करावंसं वाटतं. पण पुढे इतरांनी तसे प्रयोग काळजीपूर्वक केले तेव्हा लाट दिसली नाही, फूरियेनेच मोजमापं जुळली. शीतगृहाच्या कामात हा टाऊ आणू नका असं मी ठामपणे सांगेन.

मग ही लाट खरी कुठे असते? अतिथंड द्रव हेलियममध्ये. पेश्कोव्हने १९४४ मध्ये तिथे 'दुसरा ध्वनी' मोजला, म्हणजे तापमानाचीच लाट, वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास. घन हेलियममध्ये ती १९६६ मध्ये आढळली, सोडियम फ्लोराइडच्या शुद्ध स्फटिकात १९७० मध्ये, आणि २०१९ मध्ये ग्रॅफाइटमध्ये चक्क १०० केल्विनच्या वर. याशिवाय अतिशय पातळ थर आणि पिकोसेकंदाहून लहान लेझर पल्स ही आजची कामाची जागा. तुमचा विषय यातला नसेल, पण हायपरबोलिक समीकरणं संगणकावर सोडवायला शिकायचं असेल, तर तेही पुरेसं कारण आहे. अहवालात तसं सरळ लिहा.

एककं काढून टाका

पिकोसेकंद आणि नॅनोमीटर घेऊन प्रोग्रॅम लिहिलात तर शून्यं मोजता मोजता चुका होतात. वेळेला टाऊने भागा. अंतराला डिफ्युझिव्हिटी आणि टाऊ यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागा. तापमान असं मोजा की सुरुवातीचं ० आणि तापवलेल्या टोकाचं १ येईल. प्रवाहालाही त्याला जुळणाऱ्या मापाने भागलं की उरतात दोन स्वच्छ समीकरणं:

ता चा वेळेनुसार बदल = − (प्र चा अंतरानुसार बदल)
प्र चा वेळेनुसार बदल = − (ता चा अंतरानुसार बदल) − प्र

ता म्हणजे तापमान, प्र म्हणजे प्रवाह. लाटेचा वेग आता बरोबर १. पदार्थाचा एकही गुणधर्म समीकरणात उरला नाही, त्यामुळे एकदा काढलेलं उत्तर हेलियमलाही चालतं आणि सोन्याच्या पापुद्र्यालाही; शेवटी मापांनी गुणलं की झालं.

दोन्ही समीकरणं एकत्र करून एकच दुसऱ्या कोटीचं समीकरण करण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. पहिल्यांदा ते करू नका. ता आणि प्र वेगळे ठेवले की टोकाच्या अटी सोप्या होतात आणि ऊर्जेचा हिशेब आपोआप जुळतो.

जाळी आणि प्रोग्रॅम

एक सळई घ्या, लांबी २. तिची ४०० घरं करा, म्हणजे एका घराची रुंदी ०.००५. तापमान घराच्या मध्यावर ठेवा आणि प्रवाह दोन घरांमधल्या कडेवर. घरं ४०० असतील तर कडा ४०१. घरात किती ऊर्जा आली ते त्याच्या दोन कडांवरचा प्रवाह सांगतो, आणि कडेवरचा प्रवाह तिच्या दोन बाजूंची तापमानं ठरवतात. वेळेतही असाच अर्ध्या पावलाचा एकाआड एक क्रम ठेवायचा: प्रवाह अर्ध्या पावलावर, तापमान पूर्ण पावलावर.

वेळेचं पाऊल भागिले घराची रुंदी याला र म्हणू. हाच कूरान आकडा. सुरुवातीला र = १ ठेवा. सगळी ता आणि सगळे प्र शून्य. मग प्रत्येक फेरीत ही कामं करायची.

पहिलं, आतल्या प्रत्येक कडेवर नवा प्रवाह काढा:
नवा प्र = [ (१ − पाऊल/२) × जुना प्र − र × (उजव्या घराचं ता − डाव्या घराचं ता) ] ÷ (१ + पाऊल/२)

पाऊल/२ दोन ठिकाणी का आलं? समीकरणातला '− प्र' हा जुन्या आणि नव्या प्रवाहाची सरासरी घेऊन मोजला आहे म्हणून. फक्त जुना घेतलात तर अचूकता एका पायरीने घसरते.

दुसरं, डावं टोक. तिथे तापमान १ आहे, पण ते घराच्या मध्यावर नसून कडेवरच आहे, म्हणजे पहिल्या घराच्या मध्यापासून फक्त अर्ध्या घराच्या अंतरावर. म्हणून वरच्याच सूत्रात तापमानाच्या फरकाच्या जागी २ × (पहिल्या घराचं ता − १) येतं. उजवं टोक बंद ठेवा, शेवटच्या कडेवर प्र = ०.

तिसरं, प्रत्येक घराचं तापमान:
नवं ता = जुनं ता − र × (उजव्या कडेचा प्र − डाव्या कडेचा प्र)

एवढाच प्रोग्रॅम. नमपायमध्ये (पायथनच्या आकडेमोडीच्या संचात) ही तीन कामं तीन-चार ओळींत बसतात. पायथनच्या आताच्या आवृत्तीत चलांची नावं देवनागरीतही चालतात, त्यामुळे ता आणि प्र हीच नावं ठेवली तरी हरकत नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. अगदी पहिल्या फेरीत प्रवाहाला शून्य वेळेपासून अर्ध्या पावलापर्यंतच जायचं आहे, पूर्ण पाऊल नाही. म्हणून पहिल्या फेरीपुरता तापमानाच्या फरकाचा गुणक र ऐवजी र/२ ठेवा. हे विसरलात तर र = १ ला काय होतं ते कागदावर करून बघा: टोकावरचा प्रवाह १ ऐवजी २ येतो, पहिलं घर एकदम २ वर जातं, पुढच्या फेरीत ० वर, मग परत वर. म्हणजे टोक १ वर असताना शेजारचं घर त्याच्या दुप्पट तापतं. आलेख दातेरी दिसतो, आणि हे दातेरीपण पुढे सगळ्या सळईभर पसरत जातं. समीकरण बरोबर, सूत्र बरोबर, आणि अर्ध्या पावलासाठी सगळं वाया.

हे आकडे जुळलेच पाहिजेत

या प्रश्नाचं नेमकं गणिती उत्तर लाप्लास रूपांतराने निघतं. नवख्यासाठी हा मोठा आधार आहे. वेळ १ ला थांबा आणि चार गोष्टी तपासा.

लाटेची कड अंतर १ वर असली पाहिजे. त्यापुढे तापमान शून्य, राउंडऑफ (संगणकाने शेवटचे दशांश तोडल्याची चूक) सुद्धा नाही.

कडेवर तापमानाची उडी असते. तिची उंची वेळेच्या निम्म्याने घातांकी पद्धतीने घटते. वेळ १ ला ती ०.६०७, वेळ २ ला ०.३६८.

तापवलेल्या टोकातून आत येणारा प्रवाह वेळ १ ला ०.६४५ आणि वेळ २ ला ०.४६६. याचं सूत्र बेसल फलनात येतं; सायपायमध्ये ते तयार मिळतं, त्यामुळे कोणत्याही वेळेला तुलना करता येईल. प्रवाह अर्ध्या पावलांवर साठवलेला आहे, म्हणून शेजारच्या दोन किमतींची सरासरी घ्या.

सळईत आलेली एकूण ऊर्जा, म्हणजे सगळ्या घरांच्या तापमानांची बेरीज गुणिले घराची रुंदी: वेळ १ ला ०.८०१, वेळ २ ला १.३४७. ही बेरीज टोकातून आलेल्या प्रवाहाच्या बेरजेशीही जुळवा. आपल्या जाळीवर ते जुळणं राउंडऑफपर्यंत अचूक असलं पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या दशांश स्थळीच फरक दिसला, तर टोकाच्या अटीत चूक आहे असं समजा.

आता एक चाचणी जी मला फार आवडते, कारण ती गरजेच्या प्रश्नाकडे परत नेते. लांबी ६ करा, म्हणजे पलीकडच्या टोकावरून परतलेली लाट १२ वेळेच्या आत इकडे पोहोचणार नाही, आणि प्रोग्रॅम वेळ १० पर्यंत चालवा. टोकावरचा प्रवाह येईल ०.१८४. फूरियेचं उत्तर ०.१७८. फरक ३ टक्क्यांच्या आत. अंतर १० पर्यंत सळई लांबवलीत तर कडेची उडी दिसते फक्त ०.००७. म्हणजे अवघ्या दहा टाऊमध्ये लाट जवळपास विझते आणि मागे डिफ्युजन उरतं. टाऊ पिकोसेकंदाचा असेल तर ही सगळी कथा दहा पिकोसेकंदांत संपते. गरजेचा हिशेब आधी का करायला सांगितला, ते इथे आलेखावर दिसतं.

र बदलला की काय होतं

र = १ ला तुमची कड वस्तऱ्यासारखी तीक्ष्ण दिसेल. या खास किमतीला लाट एका पावलात बरोबर एक घर सरकते, म्हणून जाळी तिला बिघडवत नाही. ही सोय एकाच पदार्थाच्या, एकसारख्या जाळीच्या, एकमितीय सळईलाच मिळते. दोन पदार्थ जोडले, वेग वेगळे झाले, की सगळीकडे र = १ ठेवता येत नाही.

म्हणून र = १.०२ करून बघा. काही फेऱ्यांत एका घराआड वर-खाली उड्या दिसतील आणि पाहता पाहता आकडे कोटींत जातील. कूरान, फ्रिडरिक्स आणि लेवी यांनी १९२८ मध्ये याचं कारण दाखवलं होतं: प्रोग्रॅममध्ये माहिती एका पावलात एकच घर सरकते, खरी लाट त्याहून पुढे जाणार असेल तर प्रोग्रॅमला तिची खबरच लागत नाही. फूरियेच्या साध्या पद्धतीत पावलाची मर्यादा घराच्या रुंदीच्या वर्गावर असते, इथे ती रुंदीवरच आहे. जाळी दुप्पट बारीक केली की तिथे काम आठपट वाढतं, इथे चौपट.

आता र = ०.५ करा आणि नीट बघा, कारण अहवालांमधल्या बहुतेक चुका इथल्या आहेत. प्रोग्रॅम फुटणार नाही. कड जवळपास जागेवर असेल. पण कडेच्या मागे सुंदर, नियमित लहरी दिसतील आणि पहिली लहर खऱ्या उत्तरापेक्षा वर गेलेली असेल. समीकरणात या लहरी नाहीत. जाळीवर आखूड लहरी लांब लहरींपेक्षा सावकाश चालतात, म्हणून त्या मागे रेंगाळतात. एकट्या तीक्ष्ण कडेत सगळ्या लांबीच्या लहरी मिसळलेल्या असतात. जाळी त्या वेगवेगळ्या करते. १९८० च्या दशकातल्या शोधनिबंधांत वापरलेल्या मॅकॉर्मॅकच्या पद्धतीतही असे लहरींचे झुबके दिसतात.

ओळखायचं कसं? घरं ४०० वरून ८००, मग १६०० करा. समीकरणातली कोणतीही रचना तेवढीच रुंद राहते. जाळीच्या लहरी मात्र कडेकडे आकसत जातात, पण त्यांची उंची फारशी कमी होत नाही. म्हणून 'जाळी बारीक केली, तरी लहर आहे, म्हणजे ती खरी' हा युक्तिवाद इथे फसवतो. उंचीकडे न बघता रुंदीकडे बघा.

आणखी एक चाचणी: टोकाचं तापमान एकदम १ न करता वेळ ०.५ पर्यंत हळूहळू, साइनच्या वर्गाच्या आकाराने वाढवा. आता कुठेही उडी नाही. र = ०.५ कायम ठेवून जाळी दुप्पट केली की चूक साधारण चौपट कमी झाली पाहिजे. तशी झाली तर तुमची पद्धत दुसऱ्या कोटीची आहे आणि सूत्रं बरोबर बसली आहेत. निम्मीच कमी होत असेल तर टोकाची अट किंवा '− प्र' ची सरासरी तपासा.

लहरी नको असतील तर

ता + प्र आणि ता − प्र अशा दोन राशी तयार करा. पहिली उजवीकडे चालते, दुसरी डावीकडे, दोन्हींचा वेग १. प्रत्येकीसाठी ती जिकडून येते त्या बाजूच्या घराशीच फरक घ्यायचा, याला अपविंड म्हणतात. त्यासाठी ता आणि प्र दोन्ही घराच्या मध्यावर ठेवा. प्रत्येक फेरीत आधी या दोन राशी सरकवा, मग त्यातून ता आणि प्र परत काढून प्रवाहाला ई (२.७१८) च्या उणे पावलाइतक्या घाताने गुणा. '− प्र' चा परिणाम तेवढाच. डाव्या टोकातून आत शिरणारी राशी म्हणजे २ × टोकाचं तापमान वजा बाहेर जाणारी राशी.

लहरी गेल्या, पण र = ०.५ ला कड पसरट झाली. दोन्ही एकत्र हवं असेल, म्हणजे लहरीही नकोत आणि कडही तीक्ष्ण हवी, तर साध्या रेषीय सूत्राने ते जमत नाही. गोडुनोव्हने १९५९ मध्ये सिद्ध केलं की लहरी न आणणारी रेषीय पद्धत पहिल्या कोटीच्या वर जाऊ शकत नाही. यातून वाट काढतात लिमिटर: जिथे उत्तर गुळगुळीत आहे तिथे दुसऱ्या कोटीचं सूत्र, जिथे कड आहे तिथे अपविंडकडे झुकतं सूत्र. मिनमॉडपासून सुरुवात करा, तो सर्वांत सावध. मग वॅन लीर. सुपरबी कड सर्वांत तीक्ष्ण ठेवतो पण गुळगुळीत डोंगरांनाही चौकोनी करतो, म्हणून फक्त त्यावर विसंबू नका.

दोन लाटांची टक्कर

आता पहिला प्रोग्रॅम परत घ्या, लांबी २, र = १, पण दोन्ही टोकं १ वर ठेवा. दोन लाटा समोरासमोर निघतात आणि वेळ १ ला मध्यावर भेटतात. प्रत्येकीची उडी ०.६०७. मध्यावरचं तापमान होतं १.२१३.

थांबा आणि हा आकडा परत वाचा. दोन्ही टोकं १ वर आहेत, सळईत उष्णता निर्माण करणारं काही नाही, तरी मधला भाग टोकांपेक्षा २१ टक्के जास्त तापला. नवख्याला वाटतं प्रोग्रॅम चुकला. या खेपेला प्रोग्रॅम बरोबर आहे. कॅतानेओच्या समीकरणाचं नेमकं उत्तरच हे आहे. ऊर्जेची बेरीजही तंतोतंत जुळते. फूरियेत असं कधी होत नाही.

उलटं करून बघितलं की अडचण अधिक उघडी पडते. गरम सळईची दोन्ही टोकं एकदम निरपेक्ष शून्याजवळ नेली तर टकरीनंतर मध्यावर शून्याच्याही खाली जाणारं तापमान येतं, आणि तसं काही निसर्गात नाही. थोडक्यात, तीव्र उड्या आणि त्यांच्या टकरी असतील तिथे हे समीकरण स्वतःच्या हद्दीबाहेर जातं. इतक्या झपाट्याने बदलणाऱ्या जागी 'त्या बिंदूचं तापमान' ही कल्पनाच डळमळीत होते. कॅतानेओ म्हणजे फूरियेची दुरुस्त, अंतिम आवृत्ती असं समजून चालू नका. अहवालात १.२१३ हा आकडा दाखवा, तो आकडेमोडीचा दोष नाही हे वरच्या चाचण्यांनी सिद्ध करा, आणि त्याचा भौतिक अर्थ घेताना हात आखडता ठेवा.

पुढचं काम

दोन मितींत हीच जाळी चालते: तापमान चौकोनाच्या मध्यावर, आडवा प्रवाह उभ्या कडांवर, उभा प्रवाह आडव्या कडांवर. चौकोनी घरांसाठी र ची मर्यादा १ वरून सुमारे ०.७०७ वर येते, आणि र = १ ची ती तीक्ष्ण कड इथे मिळत नाही. त्यामुळे लिमिटर हाताशी असल्याशिवाय दोन मितींत जाऊ नका. दोन पदार्थांच्या सांध्यावर कडेची कंडक्टिव्हिटी दोन्ही बाजूंच्या हार्मोनिक सरासरीने काढा. तिथून लाटेचा काही भाग परत फिरेल आणि तो खरा असेल.

टाऊ कुठून घेतला ते आलेखाच्या खालीच लिहा, अहवालाच्या शेवटी नको. शक्य असेल तर टाऊ दुप्पट आणि निम्मा करून तिन्ही उत्तरं एकाच आलेखावर काढा. या विषयात सर्वांत कमी खात्रीचा आकडा तोच असतो.

आणि विषय धातूच्या पातळ थरावर फेम्टोसेकंद (पिकोसेकंदाचा हजारावा भाग) लेझरचा असेल, तर एकाच तापमानावर अडकून राहू नका. तिथे लेझरची ऊर्जा आधी इलेक्ट्रॉन घेतात आणि मग ती हळूहळू अणूंच्या जाळ्याला देतात. काही काळ एकाच जागी दोन वेगळी तापमानं असतात. अनिसिमोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेलं दोन तापमानांचं मॉडेल यासाठीच वापरतात. तुमच्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी ता ची आणखी एक रांग वाढवायची, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी दोन्ही तापमानांतल्या फरकाच्या प्रमाणात ऊर्जा एका रांगेतून काढून दुसऱ्या रांगेत टाकायची. ऊर्जेच्या बेरजेची तपासणी तीच राहते, फक्त आता तापमानांची साधी बेरीज चालत नाही: प्रत्येक रांगेला तिच्या उष्णताधारकतेने गुणूनच बेरीज करायची.